बॉयलरच्या काचेतली रेष

बॉयलर हा शब्द मी मराठीत पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या घरी मराठी बोलली जाई, लिहिली जात नसे. शाळा तमिळमध्ये झाली, कॉलेज इंग्रजीत, आणि मराठी राहिली ती स्वयंपाकघरापासून मागच्या अंगणापर्यंत. देवनागरी अक्षरे मी नोकरी संपल्यावर गिरवली, त्यामुळे माझी वाक्ये अजून नव्या चपलांसारखी चालतात, याची मला जाणीव आहे. तरीही हे प्रकरण दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहिणे मला जमले नसते. माझ्या वडिलांची दृष्टी ज्या वर्षी गेली, त्या वर्षाची ही हकीकत आहे. ती जात असल्याचे त्यांनी आमच्यापासून लपवले ते याच भाषेत, आणि आमच्या मनात आलेला संशय आम्ही त्यांच्यापासून लपवला तोही याच भाषेत.

अप्पा कावेरीकाठच्या पापनाशमच्या एका भातगिरणीत बॉयलरवर होते. भात उकडण्यासाठी लागणारी वाफ तयार करणे, हे त्यांचे काम. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी घरी एक जुना, लहान, उभा बॉयलर आणला. तो पूर्वी कुठल्याशा वसतिगृहाच्या खानावळीत लाकडांवर चाले. अप्पांनी त्याच्या पोटाखाली गॅसचा बर्नर बसवून घेतला आणि मागच्या अंगणात त्याच्यासाठी पत्र्याची खोली बांधली. ते दिवस मोठे चमत्कारिक होते. जिथे गॅसच्या एका जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, तिथे खाजगी कंपन्यांचे सिलिंडर गाडीवरून दारात येऊ लागले होते. गावात नवी मंगल कार्यालये उभी राहत होती, आणि ज्यांच्या घरी कार्य असे, त्यांना पहाटेच्या इडल्या बाहेरून आलेल्या चालू लागल्या होत्या. आईच्या हाताच्या इडल्या आणि अप्पांच्या बॉयलरची वाफ, यांवर आमचे घर चालत असे. आमच्या डाळ-तांदळाचे पीठ वाटायला सेल्वी येई. ती आईच्याच वयाची, दणकट आणि तोंडाने फटकळ होती. वाटणयंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची तिला इतकी सवय झाली होती, की यंत्र बंद असतानाही ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असेच बोले.

आई बॉयलरला आपली सवत म्हणायची. "धाकटी न्हाली काय?" असे ती रोज सकाळी कॉफीचा टंबलर अप्पांच्या हातात देताना विचारी, आणि अप्पा तितक्याच गंभीरपणे सांगत, "न्हाली. आता जेवायला मागत्ये." त्यांचे आपल्या या धाकटीवर खरोखरच लक्ष असे. बोअरचे पाणी ते तिला कधीच पाजत नसत, कारण त्या पाण्याने आतून चुन्याचा पापुद्रा धरतो आणि लोखंडाला पाण्याचा गारवा पोचत नाही. नळाला येणारे कावेरीचे पाणी पिंपात साठवायचे, त्यात साबण खळबळून फेस नीट येतो का ते पाहायचे, मगच ते बॉयलरच्या वरच्या टाकीत. रोज काम संपले, की तळाची तोटी उघडून गाळ बाहेर सोडायचा. सिलिंडर खोलीच्या बाहेर, भिंतीपलीकडे. गॅसच्या नळीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघायचे. दार उघडे टाकून जमिनीलगत नाक नेऊन वास घ्यायचा, कारण हा गॅस वर जात नाही, खाली बसतो. आधी काडी, मग चावी. आणि वाफ धरली की सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी एकदा हाताने उचलायची, म्हणजे तो अडकलेला नाही याची खात्री होते. त्या वेळी होणारा तो लांब, पांढरा फुत्कार सगळ्या गल्लीला ठाऊक होता; समोरच्या घरातल्या आजोबांची संध्या त्याच्याबरोबर सुरू होई.

पण या सगळ्याहून महत्त्वाची होती ती पाण्याची काच. बॉयलरच्या अंगाला उभी, बोटाएवढी जाड काचेची नळी असते. आत पाणी जितके, तितकेच त्या नळीत दिसते. पाण्याचा वरचा काठ म्हणजे रेष. रेष काचेच्या मध्याशी असली पाहिजे. अप्पा म्हणत, "काच अख्खी भरली असली आणि अख्खी रिकामी असली, तर दोन्हींचं रूप एकच गे, अंबू. म्हणून काचेकडे बघायचं नाही, रेषेकडे बघायचं." काचेखाली एक छोटी तोटी होती. ती उघडली की रेष खाली पडे आणि मिटली की पुन्हा वर चढे. तशी ती चढली, म्हणजे काच खरे बोलते आहे. आणि रेष दिसलीच नाही, तर काय करायचे, हे त्यांनी आम्हा तिघींकडून पाठांतरासारखे म्हणवून घेतले होते: आग बंद करायची, बाहेर पडायचे आणि पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही. तापून कोरड्या पडलेल्या लोखंडावर गार पाणी गेले, तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि बॉयलर फुटतो.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. स्वभावाने इतकी भिडस्त, की वर्गात हजेरीला 'येस' देखील मी पुटपुटल्यासारखे म्हणे. त्या वर्षी अप्पांनी मला सकाळी बॉयलरच्या खोलीत बोलवायला सुरुवात केली. स्वतः टाकीच्या नळावर हात ठेवून उभे राहत आणि विचारत, "सांग पाहू, रेष कुठे आली?" मी सांगे, "तळाशी आली. चढत्ये. आता मध्याशी." ते नळ बंद करीत. मला वाटे, अप्पा मला शिकवताहेत. आईलाही तसेच वाटत असावे. "बॉयलरवर पोरगी ठेवणारेत काय? लग्नात वरपक्षाला काय सांगू, वाफ येते म्हणून?" असे ती म्हणे आणि सेल्वी खो खो हसे. ते शिकवणे नव्हते, हे हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले होते, पण लक्षात येणे आणि कळणे यांत मोठे अंतर असते. अप्पा टंबलर खाली ठेवताना आधी बोटांनी कट्ट्याची कड चाचपत. पानात वाढलेल्या, दह्यातल्या डांगर पच्चडीला पिठले समजून त्यांनी एकदा भातावर घेतले आणि "आज असंच खावंसं वाटलं," म्हणाले. समोरून कोणी आले, तर ते बोलेपर्यंत हे थांबत, आणि आवाज ऐकला की चेहरा उजळे. आता या वयात, माझ्या स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालताना, मला त्या उजळण्यामागची मेहनत समजते.

नवरात्र आले. आमच्या गावी नवमीला सरस्वतीबरोबर आयुधांचीही पूजा होते. रिक्षा, शिवणयंत्रे, सुतारांच्या करवती, सगळे धुऊन पुसून त्यांना चंदन आणि कुंकू लावतात, फुले वाहतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाहीत. दशमीला सकाळी पुन्हा पूजा होते आणि मग हत्यार हाती धरायचे. अष्टमीच्या दुपारी अप्पांनी बॉयलर पूर्ण रिकामा करून आतून-बाहेरून धुतला. नवमीला आईने खोलीच्या उंबऱ्यावर रांगोळी घातली आणि दाराला केळीचे खांब बांधले. गुळपोहे, हरभऱ्याचे सुंडल आणि साखरभात यांचा नैवेद्य झाला. मी यातले काहीच जवळून पाहिले नाही. त्याच सकाळी माझे बाजूला बसण्याचे दिवस सुरू झाले होते. एरवी त्या दिवसांत मी धुण्याच्या दगडावर बसून, दारातूनच रेष सांगत असे. बॉयलरची खोली घराबाहेरची, म्हणून आई कानाडोळा करी. परंतु आता तिथे देवी बसली होती. "तिकडे सावलीही पडू देऊ नको हं," आई म्हणाली आणि माझी चटई मागच्या पडवीच्या अगदी टोकाला टाकली. तिथून खोलीचे दार दिसे, पण तिरके.

दशमीला सकाळी तिरुवैयारुला एका साखरपुड्यासाठी इडल्या जायच्या होत्या. पुनःपूजेची घंटा वाजली. कापराचा वास आला. मग मला टाकीचा नळ उघडल्याचा आवाज ऐकू आला आणि मी सवयीने मान उंचावली. पण "रेष कुठे?" हे कोणी विचारले नाही. मला बोलवायचे, तर का बोलवायचे ते आईला सांगावे लागले असते. नळाचा आवाज एरवीपेक्षा लवकर थांबला. आणि मग अप्पांचा आवाज आला. इतका मोकळा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "आज मध्यावर आहे गे! अगदी मध्यावर!"

"मग इतकं ओरडून सांगायला काय झालं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "धाकटी आज नवसाची झाली काय?"

"पूजा फळली म्हण!"

काडी ओढल्याचा आवाज, बर्नरचा भक्क आवाज. सेल्वीने इडलीची ताटे वाफेच्या पेटीत रचायला सुरुवात केली. मी पडवीत बसून उजव्या पायाच्या अंगठ्याने फरशीवरची एक भेग चाचपत होते, हे मला उगीचच आठवते. बॉयलर तापताना आधी गुणगुणतो, मग त्याचा आवाज जाड होत जातो, भात शिजताना होतो तसा. त्या दिवशी गुणगुण लवकर सुरू झाली आणि जाड व्हायच्या ऐवजी बारीक होत गेली. वाफेचा फुत्कार आला, पण आखूड. मग टिक्, टिक् असा, कोणी नखाने डबा वाजवावा तसा आवाज येऊ लागला, आणि चंदनाच्या वासात तापलेल्या रंगाचा करपट वास मिसळला. मी उठले. पडवीच्या कडेपर्यंत गेले. तिरक्या दारातून मला काच दिसली. तिच्यावर मध्याशी एक फिकट, पिवळसर आडवी रेष होती. ती स्थिर होती. पेटलेल्या बॉयलरमधली रेष कधीही स्थिर नसते. ती श्वास घेतल्यासारखी सतत खालीवर होते. इतक्या सकाळी मी ती पाहिली होती, की ते मला कोणी शिकवावे लागले नाही.

"अप्पा, रेष हलत नाही!"

मी अंगण ओलांडून रांगोळीवर पाय देऊन आत गेले. "अंबू! आत नक्को येऊ गे! पूजा आहे!" आई ओरडत धावत आली. जवळून पाहिले, तो ती रेष चंदनाची होती. काचेवर बोटाने ओढलेला चंदनाचा पट्टा वाळून बसला होता आणि त्याच्या वर व खाली काच पूर्ण रिकामी होती.

"हे चंदन आहे, अप्पा. पाणी नाही."

सेल्वीने ते ऐकले आणि तिचा हात सरळ टाकीच्या नळाकडे गेला. "तोडादे!" अप्पा तमिळमध्ये गरजले. हात लावू नको! सेल्वी जागीच थिजली. "सगळ्या बाहेर व्हा. अस्की बाहेर!" अस्की म्हणजे आमच्या बोलीत सगळे; पण तो शब्द उच्चारून ते स्वतः मात्र गॅसच्या चावीसाठी आत वळले. चावी बर्नरच्या डाव्या अंगाला होती. त्यांचा हात तिच्यावर गेला नाही. तो बॉयलरच्या तापलेल्या अंगावर टेकला, तिथून खाली घसरला आणि पुन्हा हवेत शोधू लागला. भर सकाळी, उघड्या दाराच्या उजेडात, समोर दिसणारी पितळी चावी ते शोधत होते. मी, आई, सेल्वी, आम्ही तिघींनी ते पाहिले. मी भिंतीपलीकडे धावले आणि सिलिंडरची चावी फिरवली. बर्नर विझला. आई त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर घेऊन आली, आणि सोवळ्यातल्या तिच्या एका बाजूला अप्पा आणि दुसऱ्या बाजूला मी, अशी ती किती तरी वेळ आम्हा दोघांना घट्ट धरून उभी होती.

बॉयलर फुटला नाही. लोखंड निवू लागले तसे ते टिकटिकत राहिले. आम्ही घराच्या पुढच्या अंगाला बसलो होतो. अप्पांच्या तळहातावर सेल्वीने केळीच्या खोडाचा गाभा आणि खोबरेल धरले होते. ती, कधी नव्हे ती, अगदी हळू बोलत होती. साखरपुड्याच्या घरची गाडी आली. आईने चुलीवर घाईने केलेला मूग-तांदळाचा पोंगल पितळी पातेल्यात भरून दिला आणि हात जोडले. गाडी गेल्यावर अप्पा म्हणाले, "रेष होती गे. मी पाहिली. स्वतः पाहिली."

"ते चंदन होतं," आई म्हणाली.

"काचेवर चंदन? काचेवर कधी लावत नाहीस तू."

आई पदराच्या टोकाशी चाळा करीत म्हणाली, "या वर्षी लावलं. तोच तिचा डोळा ना, म्हणून. म्हटलं, देवीनं डोळ्यांकडे बघावं."

मला वाटले, अप्पा रागावतील. त्यांच्या डोळ्यांचे आईला ठाऊक होते. केव्हापासून, ते तिने सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. ते भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसून राहिले. "खालची तोटी उघडून बघायला हवी होती," ते म्हणाले. "रोज उघडतो. आज नाही उघडली." आणि थोड्या वेळाने, आमच्यापैकी कोणाकडेही तोंड न करता, "मला वाटलं, परत आलं."

या एका वाक्यापाशी मी अनेक वर्षे येऊन थांबते. गिरणीत आणि घरी आयुष्यभर ज्या माणसाने तोटी उघडल्याशिवाय काचेवर विश्वास ठेवला नाही, त्याला त्या सकाळी एक रेष दिसली, आणि ती खरी आहे की नाही हे पडताळून पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. याला निष्काळजीपणा म्हणायला माझी लेखणी धजत नाही. दुसरा शब्द मला कोणत्याही भाषेत सापडलेला नाही.

पुढच्या आठवड्यात गिरणीतले त्यांचे जुने सोबती येऊन बॉयलर उघडून गेले. तळाचा पत्रा फुगला होता. ठोकून, वर तुकडा जोडून तो चालेल, असे कोणी तरी म्हणाले. एक खानावळवाला तसाच घ्यायलाही तयार होता. अप्पांनी साफ नकार दिला. "फुगलेला पत्रा सरळ होतो. भरवशाचा होत नाही." त्यांनी आमच्या अंगणातच तो कापायला लावला, म्हणजे पुन्हा कोणी जोडून पेटवू नये. गॅसच्या ज्योतीने लोखंड कापले जात असताना ते खुर्ची टाकून शेजारी बसले होते. आई आत होती. त्या दिवशी तिने धाकटीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि संध्याकाळी भात शिजला तरी कोणाला भूक नव्हती. सेल्वीने दुसऱ्या दिवसापासून मोठ्या पातेल्यांत, थोड्या थोड्या इडल्या लावायला सुरुवात केली. घर चालत राहिले.

मग आम्ही अप्पांना तिरुचीच्या डोळ्यांच्या इस्पितळात नेले. मोतीबिंदू असेल, काढला की झाले, अशी आईची समजूत. ती देवाला दिवा लावून घरीच थांबली आणि मी बरोबर गेले. तरुण डॉक्टरीणबाईंनी अप्पांना खुर्चीत बसवले आणि हात वर करून तमिळमध्ये विचारले, "किती बोटं, अय्या?" अप्पांनी मान किंचित माझ्याकडे वळवली. बॉयलरच्या खोलीत वळवत तशीच. आणि माझे ओठ आपोआप उघडले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले. "तुम्ही सांगू नका," त्या सौम्यपणे म्हणाल्या. अप्पांनी मान समोर वळवली. पाठ ताठ केली. "तेरियलै," ते म्हणाले, आणि मग, जणू हे त्या बाईंना नव्हे, मला सांगायचे होते म्हणून, मराठीत, "दिसत नाही." त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आतली नस वाळली आहे, गेलेले परत येणार नाही, असे पुढे बाईंनी समजावले. आधी आला असतात तर, असे वाक्य त्यांनी सुरू केले आणि माझ्याकडे पाहून अर्ध्यावर सोडले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना खिडकीशी बसवले, मग मला माझीच चूक जाणवली आणि जागा बदलू का, असे विचारले. "असू दे, वारा येतो," ते म्हणाले. बस गावाबाहेर पडली तेव्हा त्यांनी विचारले, "बाहेर काय आहे?" तो प्रश्न शिकवण्याच्या आवाजातला नव्हता. त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते विचारत होते. मी सांगू लागले. कारखान्याची लांब भिंत. शाळा सुटलेल्या मुली, सगळ्यांच्या वेण्यांना लाल रिबिनी. नारळ विकणारी एक बाई, तिच्या डोक्यावर छत्री बांधलेली. एका देवळाचे गोपुर, त्याला नवा रंग, पोपटाच्या पिसासारखा. मराठी शब्द संपले की मी तमिळ शब्द घेई आणि पुन्हा मराठीत येई. पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला, तरी मी थांबले नाही. आयुष्यात इतके सलग मी कधीच बोलले नव्हते. सेंगीपट्टी गाव मागे पडले तशी घरे सरली, झाडे विरळ झाली, आणि सांगण्यासारखे काही उरले नाही. मी गप्प झाले. अप्पांनी थोडी वाट पाहिली.

"काय झालं?"

"काही नाही, अप्पा. काही दिसण्यासारखं नाही इथे. नुसती लाल माती आहे."

"मग माती सांग," ते म्हणाले.